काय केलंस ते सांग

बायोडेटात 'छंद' असा एक रकाना असतो आणि त्यात 'वाचन, संगीत, क्रिकेट' लिहिलेलं असतं. शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं, असं विचारलं की मुलगा पंख्याकडे बघतो. त्या रकान्याच्या वर 'टीमवर्क, लीडरशिप, कम्युनिकेशन स्किल्स' अशी ओळ असते. ती मित्राच्या बायोडेटावरून उतरवलेली, आणि मित्रानं ती आणखी कुणाची तरी उतरवलेली. रविवारी सकाळी पुण्याच्या विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन बसते. धानोरी, कळस, टिंगरेनगर, दिघी असा सगळा हा पट्टा. कुणाला विमाननगर-खराडीच्या ऑफिसात शिरायचं असतं, कुणाला भोसरी-चाकणच्या कारखान्यात. आधी त्या दोन्ही ओळी खोडायच्या, एवढंच माझं पहिलं काम. मग कोरा कागद पुढे ठेवायचा आणि विचारायचं, काय केलंस ते सांग.

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर यायला अर्धा तास लागतो. मुलं आधी विशेषणं सांगतात: मी मेहनती आहे, मी प्रामाणिक आहे. मग संस्थांची नावं येतात: मी एनएसएसला होतो, पथकात आहे. काम काही केल्या पुढे येत नाही. त्याला कारणही आहे. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं वाईट मानलेलं आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना आत्मस्तुतीला चांगली वरची जागा दिली आहे. त्यामुळे घरचं वळण चांगलं असलेली मुलं मुलाखतीत सगळ्यात जास्त अडखळतात. 'सगळ्यांनी मिळून केलं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरंच असतं ते. पण त्या सगळ्यांत तुझ्या वाट्याला काय आलं होतं, हे विचारावंच लागतं.

कळसचा एक मुलगा ढोलपथकात होता. बी.कॉम., मार्क बेताचे. 'ढोल वाजवतो' याच्या पुढे गाडी सरकेना. मी विचारलं, सरावाला गेल्यावर पहिल्यांदा काय करतोस? म्हणाला, ढोल मोजतो. का? कारण किल्ली त्याच्याकडे असते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रत्येक ढोलाला त्यानं नंबर घातला होता. कुठल्या ढोलाचं पान कधी बदललं, दोरी कधी नवी घेतली, कोण घेऊन गेलं आणि आणताना काय मोडलं, याची त्याची वही होती. पावसाळी हवेत चामड्याचं पान उतरतं, म्हणून मिरवणुकीच्या आदल्या रात्री कुठले ढोल परत ताणायचे हे तो वही बघून ठरवायचा. सुटी पानं आणि टिपरू किती जास्तीची न्यायची, याचा अंदाज त्याला गेल्या वर्षाच्या नोंदीवरून यायचा. कारखान्यातल्या स्टोअरमध्ये माणूस दुसरं काय करतो? पण त्याच्या बायोडेटात यातलं काहीच नव्हतं. 'लीडरशिप' मात्र होती.

मी एकच धागा पकडून बसते: काहीतरी बिघडलं तेव्हा तू काय केलंस? सगळं सुरळीत चालू असताना कुणाचं कौशल्य दिसत नाही, बाकीच्यांचंही नाही आणि आपलं आपल्यालाही नाही. ढोल फुटला, पाहुणे दोन तास आधी आले, बुरेटचं वाचन जुळेना, तिथे खरी गोष्ट सुरू होते.

बुरेटवरून आठवलं. अभ्यासातलं कौशल्य शोधणं सगळ्यात अवघड, कारण अभ्यास हा परीक्षेसाठी असतो असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. केमिस्ट्रीच्या एका मुलीला विचारलं, टायट्रेशनमध्ये दोन वाचनं जुळली नाहीत तर काय करायचीस? ती हसली आणि म्हणाली, मॅडम, जुळवायचो. वर्गातली निम्मी मुलं हसली. पण मग तिनंच सांगितलं की दुसऱ्या वर्षापासून तिनं ते बंद केलं, कारण जुळवलेल्या आकड्यानं पुढचं गणित कुठेतरी अडायचंच. ती तिसरं वाचन घ्यायची, आणि चुकलेलं वाचन न खोडता त्यावर एक रेघ मारून ठेवायची. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नेमकी हीच शिस्त लागते: नोंद खोडायची नाही, एक रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. तिला ते तिथलं आहे हे माहीत नव्हतं. सीनियरचं जर्नल जसंच्या तसं उतरवणाऱ्यांना मात्र मी काय मदत करणार?

सगळ्यात जास्त वाद होतो तो सेवेवरून. ज्येष्ठ वद्य नवमीला माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते आणि दिघीवरून विश्रांतवाडीत येते. त्या दिवशी इथल्या चौकात पाणी, चहा, केळी, औषधं, पाय चेपून देणं, सगळं चालू असतं. कॉलेजची मुलं एनएसएसच्या टोप्या घालून उभी असतात. अशाच एका मुलीनं मला स्पष्ट सांगितलं, 'मॅडम, ती सेवा आहे. ती नोकरीसाठी विकायची नाही.' मला ते आवडलं आणि पटलंही नाही. पुण्य तुझ्याकडे ठेव, मी म्हटलं, काम तेवढं सांग.

काम असं होतं. चुकामूक झालेल्या म्हाताऱ्या बायका तिच्या टेबलाशी यायच्या. मोबाइल नाही, असला तर बंद. गावाचं नाव सांगायच्या, पण त्या नावाची गावं दोन-तीन जिल्ह्यांत. थोड्या वेळात हिच्या लक्षात आलं की बाईला दिंडीचा नंबर पाठ असतो, आणि दिंडी रथाच्या पुढची की मागची हेही ठाऊक असतं. मग तिनं पहिला प्रश्नच तो ठेवला, वहीत नंबर लिहायला लागली आणि त्या नंबरावरून कुणाला थांबवायचं, कुणाला पुढे पाठवायचं हे तिचं तिला ठरवता आलं. गर्दीत घाबरलेल्या माणसाला नेमका कुठला प्रश्न विचारायचा, हे हॉस्पिटलच्या रिसेप्शनला लागतं. इथून जवळच्या लोहगाव विमानतळावरही लागतं.

तिची तरीही कुरकुर होती, म्हणून मी तिला हैबतबाबा आरफळकरांची आठवण करून दिली. आजच्या पालखी सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात त्यांनी बसवली. हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले. लष्करात माणसं कशी हलवतात, क्रम कसा लावतात, मुक्काम कसे ठरवतात, हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी वारीत आणलं: क्रमांक लावलेल्या दिंड्या, चोपदार, अश्व. अंकलीचे शितोळे सरदार मदतीला होते. अंकलीहून आजही अश्व येतात. समाज आरतीच्या वेळी चोपदारानं चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. तक्रार निवारणाची इतकी चोख पद्धत मी कुठल्या कॉल सेंटरमध्येही पाहिलेली नाही. शिंद्यांच्या चाकरीत शिकलेलं माउलींच्या कामी आलं, तर माउलींच्या कामात शिकलेलं पोटाच्या कामी का येऊ नये? ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं एक ओळ लिहिली. 'सेवा' हा शब्द मात्र तिनं गाळला. ते तिचं बरोबर होतं.

अमेरिकेत रिचर्ड बोल्स नावाच्या धर्मोपदेशकानं 1970 साली 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' हे पुस्तक स्वतःच छापून काढलं, नोकरी गेलेल्या आपल्यासारख्याच धर्मोपदेशकांसाठी. त्यातला एक स्वाध्याय असा की आपल्या हातून घडलेल्या सात गोष्टी लिहायच्या आणि त्यांतून कौशल्यं वेचायची. आमच्याकडे सात सुचत नाहीत. एक सुचते, तीही शेजारी बसलेल्या मैत्रिणीला. 'अगं, ते सांग ना, गॅदरिंगला मंडपवाला आलाच नव्हता तेव्हाचं.' म्हणून मी मुलांना जोडीनं बसवते.

2016 पासून काही वर्षं आपल्याकडे दहावीच्या मुलांची सरकारी कलचाचणी झाली. तिला माझा विरोध नव्हता. पण कल म्हणजे काय आवडतं ते. आजवर काय करून झालं, हा हिशोब वेगळा. एकविसाव्या वर्षी तोच कामाला येतो.

कुणी म्हणतं, मला छंदच नाही, वेळ कुठे असतो? संध्याकाळी पार्सल पोचवणारा, कमवा आणि शिका योजनेत कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा, आजीला घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगा लावणारी. विद्यापीठानं त्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव दिलं आहे. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी कष्ट हे शिक्षणातच धरले होते. पण मुलगा सांगताना मान खाली घालतो: 'पुस्तकं लावायचो फक्त.' चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक कसं शोधायचास, असं विचारलं की मान वर येते आणि पंधरा मिनिटं खाली जात नाही.

सगळ्याचीच नोकरी करायची नसते, हेही मी सांगते. दिघीचा एक मुलगा पखवाज वाजवतो. फार सुंदर वाजवतो. त्यातून मी काही काढलं नाही. आणि फुगवलेलं मला चालत नाही. मंडळाच्या पेजवर चार फोटो टाकले की 'डिजिटल मार्केटिंग' होत नाही. मुलाखतीतला दुसराच प्रश्न ते उघडं पाडतो.

आता थोडं मोठ्यांशी. एनएसएसमध्ये मूल वर्षाला 120 तास काम करतं, वर सात दिवसांचं शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणानं अशा कामाला क्रेडिटही दिलं. पण हातात पडणाऱ्या प्रमाणपत्रावर छापलेलं असतं, 'उत्साहाने सहभाग घेतला'. त्यावरून एवढंच कळतं की तो तिथे होता. मंडळाचे अध्यक्ष, पथकप्रमुख, कार्यक्रम अधिकारी, ग्रंथपाल, तुम्ही सगळे पत्रं देता. पुढचं पत्र देताना उत्साह गाळा आणि दोन ओळी हातानं लिहा: काय सांभाळलं, किती काळ, अडलं तेव्हा काय केलं. खाली स्वतःचा फोन नंबर द्या. कंपनीतून फोन आला, तर तो उचला.