पाट्याची कमान

गाडीने आयुष्यभर किती ओझं वाहिलंय, ते तिच्या मागच्या मडगार्डवरून कळतं. आमची पद्मिनी डाव्या अंगाला किंचित बसलेली असायची. मागे डावीकडे आजीची जागा ठरलेली. गाडी तिच्यामुळेच कलते, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती.

गाडीचा भार खरा पेलतो तो पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग. तो मी पहिल्यांदा पाहिला टांग्याचा. नाशिकरोड स्टेशनावर उतरून पंचवटीत जायचं, तर टांगा करावा लागे. टापांच्या आवाजाआड खालून एक बारीक करकर ऐकू येई, आणि टांगेवाला उतरून चाकाजवळच्या कमानीत ग्रीस कोंबे. पुढे दारात पद्मिनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची फियाट, आली आणि तिच्या पोटाखालीही तेच पाटे दिसले तेव्हा मला खरोखर नवल वाटलं. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग, मागे मात्र पोलादी पट्ट्यांची चळत. वरचा मेन पाटा सगळ्यांत लांब, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, डोळ्यांत रबरी बुश. वजन आलं की कमान सपाट होते, पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि त्या घासण्यातच थोडा धक्का जिरतो.

बाबांना ही गाडी ‘आपल्याकडची’ वाटे. ती बनवणारी कुर्ल्याची प्रीमिअर कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली, आणि त्याआधी १९३३ मध्ये आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर उद्योगही त्यांनीच उभा केला. बाबा हे प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून रावळगावच्या गोळ्या काढून पोरांच्या हातावर ठेवत. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली.

आमच्या गाडीचा मेन पाटा सप्तशृंगगडाच्या घाटात तुटला. पाटे जोडीनेच बदलायचे असतात, नाहीतर नवी बाजू उंच आणि जुनी खाली राहते. म्हणून दोन्हीकडचे नवे टाकून घेतले. गाडी घरी आली ती मागून चांगलीच वर उचललेली. प्रत्येक गतिरोधकावर कुईं आवाज, खड्ड्यात वेगळाच खडखडाट. नवे पाटे आहेत, बसतील, असं सगळे म्हणाले. ते खोटं नव्हतं, नवी कमान चालता चालता थोडी उतरतेच. पण आवाज वाढत चालला होता. कुणी सुचवलं, एक पाटा काढून टाका, उंची कमी होईल. मला हा उपाय साफ नामंजूर आहे. पिंपळगावला टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपला लोक पाटे वाढवतात, त्याला निदान भाराचं कारण असतं. नुसत्या उंचीसाठी पाटा काढला, तर त्याचा भार उरलेल्या पट्ट्यांवर पडतो.

मुंबई नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि पाट्याच्या टोकाच्या शॅकलवर बॅटरी धरली. “ताई, हिला जॅकवर असतानाच आवळलंय.” बोट लावून त्यांनी बुश दाखवला. रबर पिळवटलेलं होतं, एका कडेला चीर गेलेली. चाकं लोंबत असताना बोल्ट घट्ट केले की बुश त्याच स्थितीत धरला जातो. मग गाडी खाली उतरते तेव्हा तो पीळ तिला वर रेटत राहतो आणि कुरकुरतो.

त्यांनी बुश बदलले, पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासले, पट्ट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरलं. रबराला मात्र ग्रीस लागू दिलं नाही, त्याने रबर फुगतं. खडखडाट शॉकअपच्या खालच्या झिजलेल्या बुशचा निघाला. मग बोल्ट हाताने लावून गाडी चारही चाकांवर उतरवली, डिकीवर जोर देऊन खालीवर डोलवली, आणि मला मागे बसायला सांगितलं. मी आपसूक डावीकडे बसले. तशी बसलेली असतानाच त्यांनी पान्याने बोल्ट आवळले. नंतर टेप धरली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. रिकाम्या गाडीची दोन्ही मापं सारखी भरली.

गाडी आता कलत नाही, आणि याची अजून मला सवय व्हायची आहे. थोडं अंतर तोडलं की पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. तेव्हा या रविवारी माणसांनी भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरून यायचं ठरलंय, आणि सोमवारी सकाळी मिस्त्रींकडे.