एस्टिमेटच्या बारीक ओळी

अपघातात सापडलेल्या महागड्या गाडीचा मालक एस्टिमेटचं शेवटचं पान आधी उघडतो. तिथला आकडा पाहिला की त्याची खात्रीच पटते की वर्कशॉपवाले आपल्याला लुटायला बसलेत. मी पुण्यात विमा कंपन्यांसाठी गाड्यांच्या नुकसानीचा सर्व्हे करतो आणि माझं मत वेगळं आहे. एस्टिमेटमधले मोठे आकडे बहुतेक वेळा खरे निघतात. गडबड असते दोन-चार हजारांच्या ओळींत, आणि त्या ओळी कोणी वाचत नाही.

हेडलाइटचंच घ्या. जुन्या ॲम्बॅसिडरच्या दिव्याची काच फुटली तर काच बदलायची, बल्ब गेला तर बल्ब. आजच्या मॅट्रिक्स एलईडी दिव्याची पुढची लेन्स मागच्या खोक्याला कायमची चिकटवलेली असते. आत स्वतंत्रपणे पेटणाऱ्या-विझणाऱ्या एलईडी आणि त्या थंड ठेवण्याची सोय. लेन्सला तडा गेला की पाणी आत जाणार, म्हणून अख्खा दिवा बदलायचा. त्याची किंमत लाखांत जाते आणि ती कंपनीच्या यादीतलीच असते. सर्व्हिस ॲडव्हायझरने मनाने लिहिलेली नसते.

पण त्याच्याच खालच्या ओळीत ‘कंट्रोल मॉड्यूल’ असं काही लिहिलेलं असतं. अनेक दिव्यांत हे मॉड्यूल बाहेरून स्क्रूने बसवलेलं असतं. जुन्या दिव्याचं काढून नव्याला लावता येतं, मग नवीन कशाला? दुसरं असं, की लेन्स धडधाकट असून दिव्याचा फक्त कान, म्हणजे बॉडीला धरून ठेवणारा ब्रॅकेट, तुटला असेल, तर काही मॉडेलांसाठी कंपनीच दुरुस्तीचा कान विकते. त्याला वेगळा पार्ट नंबर असतो. ‘साहेब, नवीनच टाकू ना, क्लेममध्ये बसतंय,’ हे वाक्य मी रोज ऐकतो. यात लबाडीपेक्षा आळस जास्त असतो. दुरुस्तीला कसबी हात लागतो, बदलायला पाना पुरतो.

‘गाडी तर चाकणला बनते, मग पार्ट इतके महाग कसे?’ हा पुणेकरांचा ठरलेला सवाल. मर्सिडीझ चाकणला तयार होते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, हे खरं. पण तिथे मुख्यतः बाहेरून सुट्या आलेल्या भागांची जोडणी होते. स्पेअर पार्टची साखळी निराळी आहे. मर्सिडीझचं मध्यवर्ती कोठार जर्मनीत जर्मेर्सहाइमला आहे, बीएमडब्ल्यूचं डिंगोल्फिंगला. तिथून जहाजाने यायला वेळ लागतो, विमानाने मागवलं तर भाडं वाढतं. ‘गाडी उभी आहे, तातडीने हवं’ असा जादा आकार एस्टिमेटमध्ये दिसला तर तो कोणाच्या सांगण्यावरून लावला, हे जरूर विचारा.

एअरबॅग उघडलेली गाडी असेल तर मात्र घासाघीस करू नये. बॅगेबरोबर ताणलेले सीटबेल्ट, बहुतेक वेळा कंट्रोल युनिट आणि फुटलेला डॅशबोर्ड बदलावा लागतो. पडदा-एअरबॅग उघडल्या असतील तर छताचं अस्तरही जातं. इथे पैसे वाचवणं म्हणजे पुढच्या अपघाताची जोखीम आज विकत घेणं. तसंच ॲल्युमिनियम बॉडीचं. २०१२ची रेंज रोव्हर ॲल्युमिनियमची आली. तिचे पत्रे रिव्हेट आणि खास गोंदाने जोडलेले आहेत. लोखंडी गाड्यांचं काम जिथे चालतं, तिथला पोलादी कीस या पत्र्यात रुतला की तिथून पत्रा गंजत जातो. म्हणून वेगळी जागा, वेगळी हत्यारं आणि जास्त मजुरी. ही मजुरी मी पास करतो.

आता मजुरीचा रकाना. माझ्या मते एस्टिमेट इथे वाचायचं असतं. रुपयांच्या आधी तिथे युनिट लिहिलेले असतात. मर्सिडीझ आणि बीएमडब्ल्यूच्या पद्धतीत तासाचे १२ युनिट, म्हणजे एक युनिट पाच मिनिटांचं. फोक्सवॅगन-ऑडीकडे तासाचे १००. हे माहीत नसलं तर ‘३६ युनिट’ वाचून काहीच बोध होत नाही. एकीकडे ते तीन तास, दुसरीकडे बावीस मिनिटंसुद्धा नाहीत.

समजा, गाडी डाव्या कोपऱ्यावर ठोकली आहे. पहिली ओळ : पुढचा बंपर काढून नवा बसवणे. दुसरी : डावा हेडलाइट बदलणे. तिसरी : रडारचा ब्रॅकेट बदलणे. चौथी : फेंडर बदलणे. या चारही कामांसाठी बंपर उतरवावा लागतो, आणि कंपनीच्या सूचीत प्रत्येक कामाच्या वेळेत तो उतरवण्या-चढवण्याचा वेळ धरलेला असू शकतो. ओळी सुट्यासुट्या उचलून एकाखाली एक मांडल्या की बंपर कागदावर चार वेळा उतरतो. प्रत्यक्षात मिस्त्री तो एकदाच उतरवतो. मी प्रत्येक कामाखाली काय काय धरलंय, त्याचा उतारा मागवतो आणि दुबार वेळ कापतो. रंगाचंही तेच : शेजारच्या दारावर छटा जुळवून घेण्याचं काम मेटॅलिक रंगात रास्त आहे, पण ते पूर्ण दार रंगवण्याच्या दराने लावलेलं नसावं. रडार किंवा काचेमागचा कॅमेरा हलला असेल तर कॅलिब्रेशन हवंच. फक्त ते झाल्याचा छापील रिपोर्ट फाइलला जोडून घ्या. बरेच वर्कशॉप पैसे लावतात आणि रिपोर्ट देत नाहीत.

एकदाच वापरायचे बोल्ट ही संशयाची आणखी एक जागा. ताणून घट्ट केलेले काही बोल्ट काढले की खरंच फेकून द्यावे लागतात, त्यामुळे सस्पेन्शनच्या कामात पाच-पंचवीस बोल्टची यादी दिसली तर दचकू नका. मात्र बोल्ट, कूलंट, एसीचा गॅस हे सगळं ‘कन्झ्युमेबल’मध्ये जातं आणि नुसत्या झिरो डेपमध्ये, म्हणजे घसारा न कापणाऱ्या कव्हरमध्ये, सहसा बसत नाही. त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

झिरो डेप नसेल तर गणित सरळ आहे. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा, फायबरवर ३०, काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने काही नाही, दहा वर्षांनंतर ५० टक्के. रंगकामाचं एकत्रित बिल ४० हजारांचं असेल तर त्यातले २५ टक्के, म्हणजे १० हजार, साहित्याचे धरतात आणि त्याचे निम्मे, ५ हजार, तुमच्या खिशातून. वर १५०० सीसीवरच्या गाडीला २ हजारांची सक्तीची वजावट. एकूण खर्च विम्यात लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस. म्हणून जुन्या आलिशान गाडीचं मध्यम एस्टिमेटही धोक्याचं. गाडी चालण्याजोगी दिसते, पण कागदावर ती संपलेली असते.

एस्टिमेटमध्ये कर जुन्या दराने लावलेला नाही ना, तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

पाण्याच्या केसेस निराळ्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि मुंबईत शेकडो गाड्या रस्त्यावर बुडाल्या. ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ हा शब्द तेव्हापासून मालकांच्या तोंडी आला. हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत नाकारलं जातं. नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे : सिग्नलला आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होणारं इंजिन. साचलेल्या पाण्यात शिरण्याआधी ती सोय बटण दाबून बंद करा. पाण्यात गाडी थांबलीच तर क्रेन बोलवा, स्टार्टला हात लावू नका.

पहिलं एस्टिमेट गाडी न खोलता केलेलं असतं, त्यामुळे खोलल्यावर पुरवणी एस्टिमेट येणं चूक नाही. पण त्यातली प्रत्येक नवी वस्तू तिथेच, गाडीजवळ उभं राहून, धक्क्याच्या दिशेत बसते का ते पाहावं. डाव्या कोपऱ्याच्या धडकेत उजवा मागचा शॉक ॲबसॉर्बर कसा गेला, हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. सही करण्यापूर्वी काढलेले जुने पार्ट बघायला मागा आणि पार्ट नंबर बिलाशी ताडून घ्या. माझ्यासारख्या सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रतही मागा. विमाधारकाला ती मिळते, पण मागणारे फार थोडे असतात.