पाण्याचा हिशेब

मनुष्यानें पन्नाशी उलटल्यावर नवी विद्या शिकण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें कालपरवांपर्यंत मत होतें. पुष्कळ वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविल्यानंतर, शिकणें हें दुसऱ्यांचें काम व शिकविणें हें आपलें, अशी एक सुखद समजूत आमच्या पेशांतील बहुतेकांची होऊन बसते. तशी ती आमचीही झाली होती. ही समजूत गेल्या वर्षीं ५० मिलिलिटरांच्या एका पिचकारीनें दूर केली. विषय थोडा संकोचाचा आहे, हें वाचकांस आरंभींच सांगून ठेवतों. परंतु ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत त्या घराचा उंबरठा हा संकोच एक ना एक दिवस ओलांडतोच. तेव्हां त्याची ओळख आधीं झालेली बरी.

आमचें मूळ घर चौल येथें. अलिबागेहून रेवदंड्याकडे जातांना नारळी-पोफळींच्या ज्या वाड्या लागतात, त्यांतील एक आमची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतों. त्यांचें वय ८२. उतारवयांत पुष्कळ पुरुषांना जो त्रास होतो, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशीं असलेली प्रोस्टेट ग्रंथि वाढून मूत्राची वाट अडते, तो त्यांना झाला. हृदय अशक्त, म्हणून शस्त्रक्रिया टाळून डॉक्टरांनीं कॅथेटर, म्हणजे कायमची नळी, बसविली. फोली नांवाच्या अमेरिकन शल्यविशारदानें १९३० नंतरच्या दशकांत रूढ केलेल्या ह्या नळीच्या टोंकाशीं एक लहान फुगा असतो. आंत गेल्यावर तो पाण्यानें फुगवितात, म्हणजे नळी निसटत नाहीं. नळीनें मूत्राशयांत औषध घालण्याची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेंत उत्तरबस्तीसाठीं सोन्याची किंवा रुप्याची, गाईच्या शेंपटीसारखी निमुळती होत गेलेली व मोहरीएवढ्या छिद्राची नळी सांगितली आहे. हें वाचून आम्हांस मोठा अभिमान वाटला. पण अण्णांची नळी गाळानें तुंबली त्या दिवशीं तो अभिमान कांहीं कामास आला नाहीं.

अशा वेळीं मूत्राशय धुवावें, असें डॉक्टरांनीं सांगितलें, व तें शिकविण्यासाठीं जवळच्याच गांवच्या एक परिचारिका आल्या. त्या आम्हांस ‘सर’ म्हणत. वागवीत मात्र पहिल्या वर्गांतल्या मुलासारखें. आम्हीं हात धुतले; त्यांनीं ते पुन्हां धुवावयास लावले. व्हिएन्नांत झेमेल्वाइस ह्या डॉक्टरानें १८४७ सालीं हात धुण्याचा आग्रह धरला, तेव्हां त्याच्या कित्येक विद्वान् व्यवसायबंधूंना तो आपला अपमान वाटला होता. त्या विद्वानांच्या मनाची स्थिति आम्हांस त्या दिवशीं मोरीपाशीं उभ्याउभ्या कळून आली.

हात धुतल्यावर निर्जंतुक हातमोजे. मग नळी व पिशवी ह्यांचा सांधा स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावयाचा. सांधा सुटल्यावर पिशवीच्या नळीचें तोंड कशालाही न लागूं देतां त्यावर निर्जंतुक टोपण घालावयाचें. पाणी विहिरीचें चालत नाहीं, उकळून गार केलेलेंही चालत नाहीं. सीलबंद बाटलींतलें सलाइनच हवें. त्यांत लिटरास ९ ग्रॅम मीठ असतें, म्हणजे तें आपल्या शरीरांतील द्रवाशीं जुळतें. आमच्या दारच्या समुद्रांत हेंच प्रमाण सुमारें ३५ ग्रॅम पडतें. सलाइन थंड असूं नये, नाहींतर मूत्राशय आकसून कळ येते. पिचकारींतली हवा काढून ३० ते ५० मिलिलिटर पाणी अगदीं सावकाश सोडावयाचें, व मग पिचकारी काढून तें आपल्याच उतारानें भांड्यांत येऊं द्यावयाचें. शेवटीं, किती गेलें व किती आलें, तें वहींत मांडावयाचें.

“जोर कधीं करायचा नाही, सर. आणि गेलेलं परत आलं नाही, तर पुढचं घालायचं नाही,” असें त्यांनीं तीनदां बजावलें.

खरी कठीण गोष्ट ह्याहून निराळीच होती. ज्या पित्यासमोर आम्हीं जन्मांत कधीं आवाज चढविला नाहीं, त्याचें पांघरूण आम्हीं आमच्या हातांनीं दूर सारावयाचें होतें. अण्णांनीं भिंतीकडे तोंड फिरविलें. आम्हीही शक्य तितकें पिचकारीकडेच पाहत राहिलों. खोलींत चौघांपुरतें मौन साठलें. काम उरकल्यावर आम्हीं लगबगीनें पिशवी उचलली व पलंगाच्या उशाकडील खुंटीवर अडकविली, तोंच भिंतीकडून आवाज आला, “अरे, शेत खालीं आणि खाडी वर ठेवलीस? उघाडी काय करील मग?”

आमच्या जिल्ह्यांतल्या खारजमिनींशीं ज्यांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. खाडीकांठच्या बांधांत जें दार असतें त्यास उघाडी म्हणतात. ओहोटीला तें उघडून शेतांतलें पाणी बाहेर जातें. भरतीला पाण्याच्या रेट्यानेंच तें मिटतें, आणि खारें पाणी आंत शिरत नाहीं. पिशवीच्या तोंडाशींही अशीच एक लहानशी झडप असते. पण तिच्या भरंवशावर पिशवी वर टांगणें म्हणजे खाडीला शेताचें आमंत्रण देणें. पिशवी नेहमीं मूत्राशयाच्या खालीं असावी, परंतु जमिनीस टेकूं नये. परिचारिकाबाई हंसल्या, अण्णा हंसले, आणि संकोच, पुरता नाहीं तरी बराचसा, त्या हंसण्याबरोबर ओसरला. पाणी हा अण्णांचा जन्माचा विषय. विहिरीचें पाणी पाटानें पोफळींच्या मुळांशीं नेण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. पाणी घालणें सोपें, काढणें कठीण, हें त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

ती गरज आम्हांस होती. हात बसल्यावर आम्हांस उत्साह चढला. तुंबल्यावर धुण्यानें इतका गुण येतो, तर रोज धुतल्यानें किती येईल, असा तर्क करून आम्ही रोज सकाळीं पिचकारी घेऊन बसूं लागलों. आठव्या दिवशीं अण्णांना हुडहुडी भरून ताप आला. तो धुण्यामुळेंच आला असें निश्चयानें म्हणतां येणार नाहीं. कारण नळी बरेच दिवस आंत राहिली कीं जंतु तिच्यांत घर करतातच. परंतु परिचारिकाबाईंनीं वही पाहिली व त्या गंभीर झाल्या. “मिटलेली वाट रोज कशाला उघडायची, सर? दर वेळीं सांधा सुटतो, तो जंतूंना दार उघडल्यासारखाच.” नळी तुंबत नसतां निव्वळ स्वच्छतेसाठीं मूत्राशय धूत बसूं नये, असेंच आजचें वैद्यकही सांगतें. आमच्या सेवेंत सेवा थोडी होती आणि स्वतःच्या समाधानाची हौस अधिक होती, हें त्या तापानें आम्हांस दाखविलें. डॉक्टरांच्या औषधानें ताप उतरला. शरम मात्र उतरावयास वेळ लागला.

आषाढांत एके रात्रीं पिशवींत थेंब पडेनासा झाला. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि अण्णा ओटीपोट धरून कण्हत होते. नळी कोठें मुडपली आहे काय तें पाहिलें, नव्हती. सर्व विधि यथासांग करून ५० मिलिलिटर पाणी सोडलें. पिचकारी काढली. कांहीं आलें नाहीं. अण्णांना हलकेच कुशीवर वळवून पाहिलें. तरी कांहीं आलें नाहीं. अण्णांच्या कपाळावर घाम, आणि आमच्या हातांत दुसरी भरलेली पिचकारी. त्या क्षणीं मनुष्याच्या अंगठ्यांत किती बळ येतें, हें अनुभवावांचून कळणार नाहीं. एकदां जोरानें दाबावें, गाळ निघून जाईल, बापाची यातना संपेल, असें मन ओरडून सांगत होतें. तेवढ्यांत वहीकडे लक्ष गेलें. तिच्यांत मांडावयाचें होतें: गेलें ५०, आलें ०. आम्हीं पिचकारी खालीं ठेवली, परिचारिकाबाईंना फोन केला, व त्यांच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांच्या गाडींतून अण्णांना अलिबागेस इस्पितळांत नेलें.

तेथें नळी बदलली. नव्या नळींतून आठशें मिलिलिटर मूत्र आलें, आणि अण्णांचा चेहरा ओहोटीच्या पुळणीसारखा सपाट, शांत झाला. डॉक्टरांनीं जुनी नळी चिरून दाखविली. कांहीं जंतूंमुळें मूत्राचें आम्लत्व जातें व त्यांतले क्षार नळीस धरतात. खडकाला कालवें धरावींत तसा त्यांचा कठीण थर आंत जमला होता. “ही धुवून निघणारी नव्हती,” ते म्हणाले. “जोर केला असतात तर मूत्राशयाला इजा झाली असती. थांबलात, हें उत्तम केलंत.”

आयुष्यांत आम्हीं जी थोडीबहुत शाबासकी मिळविली, ती कांहीं तरी केल्याबद्दल. न केल्याबद्दल मिळालेली ही पहिलीच. रुग्णसेवा म्हटली कीं आपल्याकडे भक्तीचे गोडवे गातात. परंतु भक्तीला हात धुवावयाचें सुचतेंच असें नाहीं, आणि थांबावयाचें तर बहुधा सुचत नाहीं. तें काम हिशेबाचें आहे. म्हणून ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांनीं आमचा हा लेख वाचून पिचकारी हातांत घेऊं नये. जाणत्या परिचारिकेसमोर बसून ही विद्या शिकावी, आणि कळ, ताजें रक्त, हुडहुडी किंवा न परतलेलें पाणी दिसतांच हात आंवरून डॉक्टरांना बोलवावें.

दुसऱ्या दिवशीं घरीं आल्यावर अण्णांनीं वही मागितली. चष्मा लावून त्यांनीं रात्रीची नोंद वाचली, आणि वाडीच्या जमाखर्चावर करीत तशी तिच्याखालीं आपली सही केली. मग भिंतीकडे न वळतां, आमच्याकडे तोंड करूनच ते निजले.