गिलाव्याखालचा गंज

चाकरमान्याला मे महिन्याची रजा विश्रांतीसाठी मिळते, असे म्हणतात. कोकणात घर असलेल्यांना विचारा! यंदा आम्हां तिघा भावांची रजा परसातल्या लाकडाच्या खोलीने खाल्ली.

ही खोली वडिलांनी नोकरीच्या फंडातून बांधली. वाळू खाडीची, न धुतलेली. त्या काळी गावात सारेच ती वापरीत. गेल्या पावसात स्लॅबचा परातीएवढा पोपडा चुलीशेजारी कोसळला. आई तिथेच पाणी तापवते.

गवंडी म्हणाला, "वरून गिलावा मारू, दोन वर्षे बघायला नको." खर्च थोडा होता. धाकट्याला मुलीची कॉलेजची फी भरायची होती, त्यामुळे त्याला ते पटले. पण दुखणे सळईत होते. वाळूतले मीठ आणि पावसाचे पाणी मिळून लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. वरचा गिलावा ते नुसते झाकतो. आई एवढेच म्हणाली, "माझं जाऊ द्या. सुट्टीत पोरं तिथंच खेळतात ना?" मग वाद मिटला. खर्चाचे तीन वाटे केले, धाकट्याचा वाटा दिवाळीपर्यंत थांबवला.

आधी स्लॅबला टेकू दिले. हातोडीने ठोकून पाहिले. पोकळ वाजले तेवढे छन्नीने काढले, सळईच्या मागे बोट जाईपर्यंत. तारेच्या ब्रशने गंज घासला. फार झिजलेल्या सळयांशेजारी नव्या बांधल्या, गंजरोधक लावले. मग पॉलिमर घातलेला एकास तीन सिमेंट-वाळूचा माल थराथराने भरला. वाळू यंदा नदीची, धुतलेली. वरून पाणी साचू नये म्हणून ढाळ दिला आणि सात दिवस ओले गोणपाट ठेवले.

जुन्या स्लॅबमधले मीठ मात्र गेलेले नाही. म्हणून दर मे महिन्यात ठोकून पाहायचे, असे ठरले आहे.

बंधू-भगिनींनो, पावसाआधी आपल्याही मोरीचा, संडासाचा स्लॅब खालून बघा. सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा चीर दिसली, तर गिलाव्यावर पैसे घालू नका. स्लॅब वाकला असेल, तर त्याखाली कुणालाही जाऊ देऊ नका. आधी जाणकार इंजिनिअरला दाखवा. पोपडा पडताना खाली कोण बसले आहे, हे तो पाहत नाही.