उट्टे आणि उत्तर

इंग्रजी क्रियापदांची खरी खोडी त्यांच्या शेपटात असते. 'गेट बॅक' म्हणजे परत येणे. त्यापुढे 'टू' आला की मागाहून उत्तर कळविणे, आणि 'ॲट' आला की उट्टे काढणे. पक्षकारास धाडावयाच्या पत्रात 'टू'च्या जागी 'ॲट' पडला, तर सल्ल्याच्या आश्वासनाची धमकी होऊन बसते. कारण 'ॲट'मध्ये नेम धरण्याचा भाव आहे. दगड भिरकवावयाचा असो वा कोणावर ओरडावयाचे असो, इंग्रजीस हेच अव्यय लागते.

'हिट बॅक' याच कुळातले, परंतु स्वभावाने निराळे. टोल्यास तेथल्या तेथे प्रतिटोला, इतकाच त्याचा व्यवहार. 'गेट बॅक ॲट'ला मात्र मध्यंतरी दिवस जावे लागतात, मनात हिशेब राखावा लागतो. आपणही पहिल्यास प्रतिकार म्हणतो. दुसऱ्यास वचपा काढणे, सूड उगविणे.

कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. 1860 च्या दंड संहितेतील स्वसंरक्षणाचा हक्क 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे. धोक्याची वाजवी भीती असेतोवर तो हक्क. भीती सरली की तोही सरला. हल्लेखोर निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी काठी घेऊन जाणारा कितीही दुखावलेला असो, तो आरोपीच ठरतो.

काठीऐवजी दावा घेऊन जाणारेही असतात. वाटणीच्या तंट्यात असे भाऊ आमच्याकडे येतात. त्यांस आम्ही प्रथम विचारतो, आपणांस हिस्सा हवा की उट्टे? हिश्शाकरिता न्यायालय आहे. उट्ट्याकरिता लढणाऱ्याचा निकालानंतरही तंटा मिटत नाही.

आमचे देवास मुळी दोन भावांचे. 1728 पासून तुकोजीराव व जिवाजीराव पवार यांची थोरली व धाकटी पाती 1948 च्या विलीनीकरणापर्यंत एकाच गावात नांदली. टेकडीवरही थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. या बहिणींत एकदा वाद झाला, असे सांगतात. थोरली पाताळात उतरू लागली, धाकटी टेकडी सोडून निघाली. तेव्हा मारुती व भैरव यांनी विनविले, आणि दोघी होत्या तेथेच थांबल्या. भाविक आजही दोघींचे दर्शन घेतात. दुखावलेल्या घरात कोणी तरी मारुतीचे काम करावे लागते. वकिलाने ते नाकारू नये, असे आम्हांस वाटते.