सेकंदकाट्याची किंमत

वर्धा जिल्ह्यात राहून घड्याळाविषयी लिहायचे, तर आधी सेवाग्राम आठवते. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. त्यांच्या कमरेला घड्याळ लटकत असे आणि वेळेच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. त्यांचे झेनिथ कंपनीचे एक घड्याळ २००९ साली न्यूयॉर्कला लिलावात निघाले. चष्मा, चपला, ताट, वाटी आणि घड्याळ मिळून अठरा लाख डॉलर आले.

पण याहून कितीतरी महाग गेले ते मोटारींच्या शर्यतीचे एक मनगटी घड्याळ, रोलेक्स कंपनीचे ‘डेटोना’. पॉल न्यूमन हा अमेरिकन नट शर्यतीत मोटार चालवी. त्याच्या बायकोने ते त्याला दिले आणि ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द मागे कोरून घेतले. २०१७ साली ते १ कोटी ७७ लाख डॉलरांवर विकले गेले.

तुम्ही म्हणाल, एवढे काय आहे त्यात? अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. वरचे बटण दाबले की एक काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे दाबले की शून्यावर येतो. कडेला वेगाचे आकडे असतात. मोटारीने एक किलोमीटर ३० सेकंदांत तोडला, तर काटा १२० दाखवतो. म्हणजे ताशी १२० किलोमीटर. यात जादू नाही. तासाचे ३,६०० सेकंद, त्यांना ३० ने भागायचे, बस्स!

हा हिशेब साध्या घड्याळावरही होतो. पंपाच्या धारेखाली २०० लिटरचा ड्रम ठेवा. तो ४० सेकंदांत भरला, तर पाणी तासाला १८,००० लिटर. पुढे तोच ड्रम ६० सेकंद घेऊ लागला, तर १२,००० लिटर. विहिरीची पातळी उतरली की पंपात बिघाड झाला, हे पीक माना टाकण्याआधी शोधता येते.

आपल्याला सेकंद काही नवा नाही. शंकरपटात जोडीचा निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. २०१४ साली बंद झालेले पट डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर पुन्हा सुरू होऊ दिले. बैलांसाठी सेकंद मोजणारे आपण, लेकरांसाठीही मोजू या.

लेकराला खोकला असेल, तर ते शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्या आणि तडक दवाखाना गाठा. श्वास घेताना छाती खालून आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नका, निघा. वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही मण्यांच्या साह्याने श्वास मोजायला शिकवले.

आमचा नातू आठ महिन्यांचा असताना मी असेच मोजले. ५६ भरले. रात्रीच निघालो. वेळेवर औषध मिळाले, आज तो शाळेत जातो. माझे घड्याळ साधेच आहे. तुम्ही नवे घ्याल तेव्हा एवढेच पाहा, त्याला सेकंदकाटा असू द्या.