तात्यांची मॉरिस आणि माझें तेल

आमच्या घरीं एक मॉरिस मायनर आहे. इंग्लंडांत या जातीच्या मोटारी १९४८ पासून १९७१ पर्यंत तयार होत. आमची १९५८ सालची. आजोबांनीं ती मुंबईस एका वृद्ध डॉक्टरांकडून घेतली, आणि त्यांच्यामागें ती माझे थोरले काका, तात्या, यांच्याकडे आली. तात्यांचें वय आज ८२ वर्षांचें. दर रविवारीं सकाळीं गाडी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणावयाची, हा त्यांचा नेम. घरांतील मंडळींना तो अलीकडे पसंत नव्हता. परंतु बोलणार कोण?

गेल्या पावसाळ्यांत तात्यांच्या मोतीबिंदूचें शस्त्रकर्म झालें. ते विश्रांति घेत असतां गाडीची कांहीं सेवा करावी असें माझ्या मनानें घेतलें. गियरबॉक्समधील तेल बदलूं, आणि तेंहि उत्तमांतलें उत्तम! दुकानदारानें दोन डबे पुढें ठेवले, एकावर जी. एल. ४ आणि दुसऱ्यावर जी. एल. ५. चारापेक्षां पांच मोठे, शिवाय किंमतहि अधिक. मग विचार तो काय करावयाचा?

डॉक्टरांची परवानगी मिळून तात्या पुन्हा चाकावर बसले, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गियरमध्यें जातांना गाडीनें अशी करकर केली कीं, ओसरीवर बसलेल्या काकू उठून अंगणांत आल्या. फिरून परत येतांनाहि तेंच. मॉरिसच्या पहिल्या गियरला वेग जुळवून घेणारी योजना नाहींच. तेथें आवाज झाला तर तो चालकाचा दोष. पुढच्या तीन गियरांना ती आहे, आणि तात्यांच्या हातून तेथें आवाज झालेला मीं जन्मांत ऐकला नव्हता. दोन रविवार असेंच चाललें. घरांत कुजबुज सुरू झाली. हात थरथरतो, पायास दाब राहिला नाहीं, आतां पुरे. त्या कुजबुजींत माझाहि आवाज होता. तिसऱ्या रविवारीं तात्यांनीं किल्ली आपण होऊन देवघराजवळच्या खुंटीला अडकविली. "आतां तुम्हीच फिरवा," एवढेंच ते म्हणाले.

त्याच दिवशीं सायंकाळीं मीं गाडी बाहेर काढली. माझा हात थरथरत नव्हता, आणि तरी गाडीनें तश्शीच करकर केली!

घरीं येऊन कपाटांतून गाडीबरोबर आलेलें जुनें माहितीपुस्तक काढलें. त्यांत स्वच्छ लिहिलें होतें कीं, इंजिनांत जें तेल तेंच गियरबॉक्समध्यें घालावें, सव्वादोन पाइंट, म्हणजे सुमारें १.३ लिटर. दाबाखालीं टिकणारें जहाल तेल सांगितलें होतें तें फक्त मागच्या आंसासाठीं.

कारण शोधूं लागलों तेव्हां उलगडा झाला. गियर बदलतांना निरनिराळ्या वेगानें फिरणारे दोन भाग एका वेगावर आणावे लागतात. हें काम शंकूच्या आकाराचें, पितळी जातीच्या धातूचें एक कडें करतें. तें समोरच्या भागावर घासून त्यास आवरतें. म्हणजे येथें थोडें घर्षण हवेंच! तेल फाजील निसरडें झालें कीं कड्याची पकड सुटते आणि दांत्यांवर दांते आदळतात. मागच्या आंसाचे दांते मात्र भारी दाबाखालीं एकमेकांवर घसरत असतात. तेथें साधें तेल पिळून निघून जातें, म्हणून गंधक व फॉस्फरस यांचीं द्रव्यें मिसळलेलें तेल लागतें. जी. एल. ५ मध्यें तीं जी. एल. ४ च्या साधारणपणें दुप्पट असतात. पोलादाचें तीं रक्षण करतात. परंतु तेल तापलें म्हणजे तेंच गंधक पितळेस खाऊं शकतें.

इंजिनाचें पातळ तेल गियरला कसें पुरेल, ही शंका मलाहि आली. पण डब्यावरील आंकडे फसवे आहेत. दोन्ही तेलांचीं मापें वेगळीं. गियर-तेलाचा ९० हा आंकडा इंजिन-तेलाच्या ४० ते ५० इतकाच दाटपणा दाखवितो.

काकूंना हें सारें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे बिनकल्हईच्या पातेल्यांत ताक ठेवलेंस कीं रे! कळकायचेंच तें." मला इतकें नेमकें सांगतां आलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं तेल काढलें. त्यांत पितळेची सोनेरी चमक दिसते कीं काय म्हणून तें थाळींत घेऊन उन्हांत पुष्कळ वेळ न्याहाळलें. दिसली नाहीं, तेव्हां जीव भांड्यांत पडला. आंत थोडेंबहुत चिकटून राहतेंच, म्हणून एकदां स्वस्तांतलें इंजिन-तेल घालून, दहाबारा मैल फिरवून, तेंहि काढून टाकलें. मग २० डब्ल्यू ५० जातीचें भरलें. तिसरा गियर मुकाट्यानें पडला.

तात्यांना सांगावयाचें मात्र चार दिवस राहून गेलें. कुजबुज सर्वांच्या देखत झाली होती, तेव्हां कबुलीहि तशीच व्हावी, म्हणून पंक्तींतच म्हणालों, "तात्या, ती करकर मीं घातलेल्या तेलाची होती, तुमच्या हाताची नव्हे." सर्वांचे हात थांबले. तात्यांनीं भात कालवीत विचारलें, "मागच्या आंसांतलें काढलें नाहींस ना? तेथें तें जहालच लागतें."

"नाहीं," मी म्हणालों.

रविवारीं सकाळीं उठून पाहतों तों खुंटी रिकामी होती.